इन्शुलिनचा वेग आणि साखरेचे मोजमाप

इन्शुलिनच्या शोधाची गोष्ट वर्गात सांगताना आपण बहुधा १९२२ सालापाशी येऊन थांबतो. बँटिंग आणि बेस्ट यांचे कुत्र्यांवरचे प्रयोग, टोरांटोच्या रुग्णालयातला लेनर्ड थॉम्पसन हा चौदा वर्षांचा मुलगा, उपासमारीच्या उपचाराने तीस किलोच्या आत आलेले त्याचे वजन, ११ जानेवारीला दिलेले अशुद्ध अर्काचे पहिले इंजेक्शन आणि २३ जानेवारीला कॉलिपने शुद्ध केलेल्या अर्काचे दुसरे. त्यानंतर चोवीस तासांत लेनर्डच्या रक्तातली साखर १०० मिलिलिटरला ५२० मिलिग्रॅमवरून १२० वर उतरली. पुढच्या वर्षी बँटिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. येथे तास संपतो.

आम्हाला मात्र वाटते की विज्ञानशिक्षकाला अधिक उपयोगी पडेल अशी गोष्ट याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. लेनर्ड वाचला, पण त्याचा मधुमेह बरा झाला नव्हता. त्याला इन्शुलिन उद्याही लागणार होते, परवाही लागणार होते. आणि टोचलेल्या इन्शुलिनचा परिणाम सहा-आठ तासांत ओसरत होता.

हे सहा-आठ तास का अपुरे पडतात, ते आधी पाहू या. निरोगी माणसाच्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशी दोन प्रकारे काम करतात. जेवण झाले की त्या भराभर इन्शुलिन सोडतात. हे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. पण काहीही खाल्लेले नसताना, अगदी पहाटे तीन वाजतासुद्धा, त्या थोडेथोडे इन्शुलिन सोडतच असतात. कारण यकृत रात्रभर रक्तात ग्लुकोज सोडत असते. मेंदूला ते हवेच असते. इन्शुलिनची ही मंद धार यकृताला आवर घालते आणि शरीरातली चरबी भलत्या वेगाने विघटित होऊ देत नाही. ही धार तुटली तर उपाशी माणसाच्याही रक्तातली साखर चढत जाते आणि चरबीपासून तयार होणारी कीटोन द्रव्ये साठून रक्त आम्लधर्मी होऊ लागते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, म्हणजे मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये जो अधिक दिसतो त्यात, बीटा पेशी बहुतेक नष्ट झालेल्या असल्याने हा धोका रोजचाच.

तेव्हा १९२० नंतरच्या दशकातल्या रोग्याला दिवसातून तीन-चार वेळा टोचून घ्यावे लागे आणि त्यातली एक वेळ रात्री उशिराची किंवा पहाटेची असे. त्या वेळच्या सुया आजच्यासारख्या केसाएवढ्या बारीक नव्हत्या. काचेची सिरिंज उकळायची, बोथट झालेली सुई दगडावर घासून धार लावायची आणि पुन्हा तीच वापरायची. लहान मुलाला मध्यरात्री उठवून हे करायचे म्हणजे आईबापांची काय अवस्था होत असेल याची कल्पना करावी. इन्शुलिनचा वेग कमी करता आला, एक टोचणी दिवसभर पुरवता आली, तर केवढी सुटका होईल, हा विचार सर्वांच्याच मनात होता. इन्शुलिन तेलात कालवून पाहिले गेले, डिंकाच्या पाण्यात मिसळून पाहिले गेले. फारसे काही साधले नाही.

डेन्मार्कमधला डॉक्टर

हा प्रश्न सुटला तो डेन्मार्कमध्ये. डेन्मार्कमध्येच का, याला एक कौटुंबिक कारण आहे. केशवाहिन्यांवरच्या संशोधनासाठी १९२० चे नोबेल पारितोषिक मिळालेले ऑगस्ट क्रोग १९२२ साली व्याख्यानांसाठी अमेरिकेला गेले होते. त्यांच्या पत्नी मारी क्रोग स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांना मधुमेह होता. नव्या औषधाची बातमी कानावर आल्यावर त्यांनी टोरांटोला जाऊन यायचा आग्रह धरला. क्रोग तेथून डेन्मार्कमध्ये इन्शुलिन तयार करण्याची परवानगी घेऊनच परतले. मारीवर उपचार करणारे तरुण डॉक्टर हान्स क्रिश्चन हॅगडॉर्न त्यांना येऊन मिळाले आणि १९२३ साली नॉर्डिस्क इन्शुलिन प्रयोगशाळा उभी राहिली. (तेथे काम करणारे पेडरसन बंधू हॅगडॉर्नशी न पटून बाहेर पडले आणि त्यांनी ‘नोव्हो’ ही दुसरी कंपनी काढली. दोघांची स्पर्धा पुढे साठएक वर्षे चालली आणि १९८९ साली दोन्ही कंपन्या एक झाल्या. या भांडणाचा मधुमेहींना फायदाच झाला, हे पुढे दिसेल.)

हॅगडॉर्नविषयी एक गोष्ट येथेच नोंदवून ठेवू. इन्शुलिनचा शोध लागण्याआधीच, १९१८ साली, नॉर्मन येन्सन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी रक्तातली साखर मोजण्याची एक पद्धत बसवली होती. तिला रक्ताचे अगदी थोडे थेंब पुरत. म्हणजे ज्याने पुढे इन्शुलिन सावकाश केले, तो माणूस मुळात साखर मोजणारा होता. या दोन गोष्टींची फारकत नंतरच्या काळात कशी झाली, हे सांगण्यासाठीच खरे तर हा लेख लिहीत आहोत.

आता हॅगडॉर्नची युक्ती पाहू. ती समजायला स्वयंपाकघरातले उदाहरण पुरते. दुधात लिंबू पिळले की ते नासते. दुधातल्या केसीन या प्रथिनाच्या कणांवर एरवी ऋण विद्युतभार असतो. सारखा भार असलेले कण एकमेकांना दूर ठेवतात, म्हणून ते दुधात तरंगत राहतात. लिंबाच्या आम्लाने सामू उतरत उतरत ४.६ च्या जवळ आला की केसीनवरचे धन आणि ऋण भार समसमान होतात. दूर ठेवणारे बळ उरत नाही आणि कण एकमेकांना चिकटून चोथा होतो. प्रत्येक प्रथिनाचा असा एक ठरावीक सामू असतो. त्याला समविद्युत बिंदू म्हणतात आणि त्या बिंदूवर प्रथिनाची विद्राव्यता सर्वांत कमी असते.

इन्शुलिनचा समविद्युत बिंदू ५.४ च्या आसपास आहे. त्या काळी इन्शुलिनचे आम्लधर्मी, नितळ द्रावण टोचत असत. त्वचेखाली गेले की त्याचा सामू शरीराच्या ७.४ पर्यंत चढे. तेथे इन्शुलिनवर ऋणभार असतो, ते उत्तम विरघळते आणि झपाट्याने रक्तात जाते. हॅगडॉर्ननी प्रश्न उलटा घातला. इन्शुलिनचा हा बिंदूच ७.४ च्या जवळ आणून ठेवला तर? मग ते त्वचेखाली साक्याच्या रूपाने बसून राहील आणि हळूहळू विरघळत जाईल. बिंदू वर सरकवायचा तर ऋणभाराच्या इन्शुलिनला धनभाराचा जोडीदार हवा. असा जोडीदार माशांच्या शुक्राणूंमध्ये सापडतो.

प्रोटामीन हे त्याचे नाव. स्वित्झर्लंडमधल्या फ्रीडरिश मीशर यांनी ऱ्हाइन नदीतल्या सामन माशांच्या शुक्राणूंतून ते १८७४ साली वेगळे केले होते. डीएनए प्रथम वेगळे करणारे मीशर ते हेच. शुक्राणूच्या इवल्याशा डोक्यात डीएनएचा लांबच लांब धागा घट्ट बांधून ठेवायचा असतो. डीएनए ऋणभारित, म्हणून त्याला बांधणारे प्रोटामीन भरपूर धनभारित. हा धनभार येतो आर्जिनिन या अमिनो आम्लामुळे. प्रोटामीनचा फार मोठा भाग आर्जिनिनचाच असतो. हे आर्जिनिन वाचकांनी लक्षात ठेवावे, ते पुन्हा भेटणार आहे.

हॅगडॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक पदार्थ वापरून पाहिले आणि अखेर इंद्रधनुषी ट्राउट माशाचे प्रोटामीन निवडले. त्याच्याशी जोडलेल्या इन्शुलिनची विद्राव्यता ७.३ च्या जवळपास सर्वांत कमी होती. जानेवारी १९३६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी टोरांटोच्या स्कॉट आणि फिशर यांनी त्यात किंचित जस्त घातले. जस्ताने ते मिश्रण टिकाऊ झाले आणि आणखी सावकाश झाले. एका टोचणीचा परिणाम एक ते दीड दिवस राहू लागला. अमेरिकेतले मधुमेहाचे ख्यातनाम डॉक्टर इलियट जॉस्लिन यांनी बँटिंग युगानंतर आता हॅगडॉर्न युग सुरू झाले असे म्हटले, ते काही अतिशयोक्तीचे नव्हते. मध्यरात्रीची टोचणी गेली. लोक पूर्ण रात्र झोपू लागले.

सावकाशपणाची किंमत

पण जे सावकाश येते ते सावकाशच जाते. साध्या इन्शुलिनची मात्रा चुकून जास्त झाली तर त्रास दोन-तीन तासांचा. साखर खाऊन वेळ निभावून नेता येई. प्रोटामीन-जस्त इन्शुलिनची मात्रा सकाळी जास्त झाली, तर तिचे माप पदरात पडे ते दुसऱ्या पहाटे, रोगी गाढ झोपेत असताना. एकदा त्वचेखाली गेलेला साका परत काढता येत नाही. शिवाय जेवणानंतर चढणाऱ्या साखरेला हे मंद इन्शुलिन आवरू शकत नसे. म्हणून काही डॉक्टर सोबत साधे इन्शुलिन देत. दोन्ही एकाच सिरिंजमध्ये घ्यावीत तर वेगळीच अडचण: त्या मिश्रणात प्रोटामीन गरजेपेक्षा जास्त असे. ते जादा प्रोटामीन साध्या इन्शुलिनलाही पकडून बसे आणि त्याचेही मंद इन्शुलिन होई.

ही अडचण हॅगडॉर्नच्याच प्रयोगशाळेतल्या क्रायनब्यूल आणि रोझेनबर्ग यांनी १९४६ साली सोडवली, आणि ती ज्या रीतीने सोडवली ती रसायनशास्त्राच्या शिक्षकाला आवडेल अशी आहे. आम्ल-अल्कलीच्या अनुमापनात आपण दोहोंपैकी काहीच शिल्लक राहणार नाही असा बिंदू शोधतो. त्यांनी इन्शुलिन आणि प्रोटामीन यांचे नेमके तसे प्रमाण शोधले. वरच्या नितळ द्रावात ना इन्शुलिन मोकळे, ना प्रोटामीन. शिवाय थोडे जस्त असताना त्या प्रमाणात सुबक स्फटिक मिळाले. हेच ‘एनपीएच’ इन्शुलिन. न्यूट्रल प्रोटामीन हॅगडॉर्न या शब्दांची ती आद्याक्षरे. १९५० साली ते बाजारात आले आणि आजही आपल्याकडच्या औषधाच्या दुकानात मिळते. कुपीत ते दुधाळ दिसते आणि तळाशी बसते, म्हणून घेण्यापूर्वी कुपी तळहातांमध्ये हलकेच घोळवावी लागते. न घोळवता घेतले तर आज पातळ, उद्या दाट अशी मात्रा जाते.

नॉर्डिस्कने प्रोटामीनची वाट घेतली, म्हणून नोव्होला दुसरी शोधणे भाग होते. ती त्यांचे रसायनज्ञ हालास-म्योलर यांनी शोधली. इन्शुलिनच्या स्फटिकात जस्त असते, हे टोरांटोच्या स्कॉटनी १९३४ साली दाखवून दिले होते. हालास-म्योलर यांच्या ध्यानात आले, की द्रावणात फॉस्फेट असले तर ते जस्ताला अडकवून ठेवते. त्याऐवजी अ‍ॅसिटेट वापरले तर जस्त मोकळे राहते आणि केवळ जस्ताच्या जोरावर इन्शुलिन शरीराच्या सामूला अविद्राव्य राहते. माशाचे प्रथिन नको. मग वेग ठरवणे राहिले कणांच्या आकारावर. पिठीसाखर लगेच विरघळते, खडीसाखरेचा खडा तोंडात बराच वेळ टिकतो, तसेच हे. अस्फटिकी भुकटी जलद, मोठे स्फटिक मंद, आणि ३० भाग भुकटीत ७० भाग स्फटिक मिसळले की मधले. ही तीन ‘लेंटे’ कुळातली इन्शुलिने १९५० नंतरच्या दशकात आली आणि अर्धशतक वापरात राहून २००० नंतर मागे पडली.

एनपीएचचा जोर मात्र दिवसभर सारखा नसतो. टोचल्यापासून साधारण चार ते दहा तासांच्या दरम्यान त्याला भरती येते. शिक्षकांनी हे नीट समजून घ्यावे असे आम्हाला वाटते. एखाद्या मुलाने सकाळी सातला एनपीएच घेतले, तर त्याची भरती अकरापासून दुपारी पाचपर्यंत कधीही, म्हणजे ऐन शाळेच्या वेळात येते. अशा मुलाच्या डब्याची वेळ औषधाने ठरवलेली असते. मधली सुट्टी अर्धा तास लांबली किंवा डब्याआधी कवायतीचा तास झाला, तर त्याच्या रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. घाम, हातांची थरथर, चेहरा पांढरा पडणे, आणि पुष्कळदा नुसता चिडखोरपणा किंवा साध्या प्रश्नाला भलतेच उत्तर. वर्गात याला खोडी किंवा दुर्लक्ष समजले जाते. शुद्धीवर असलेल्या मुलाला तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून ताबडतोब द्यावे, पंधरा मिनिटांनी सुधारणा नसेल तर पुन्हा द्यावे, आणि बरे वाटल्यावरही पोळी किंवा बिस्किटे खायला लावावीत. कारण त्वचेखालच्या मंद इन्शुलिनचे काम अजून संपलेले नसते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. लगेच डॉक्टर गाठावा.

लघवीतली साखर

आता दुसरी बाजू. इन्शुलिन सावकाश करण्याची कला १९३६ ते १९५२ या काळात बरीच पुढे गेली. पण रोग्याला स्वतःच्या रक्तात काय चालले आहे हे कळण्याचा मार्ग कोणता होता? बेनेडिक्टचे द्रावण. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत असते तेच. परीक्षानळीत निळे द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, उकळी. हिरवे झाले तर थोडी साखर, पिवळे झाले तर अधिक, विटकरी झाले तर पुष्कळ. घरोघरी मधुमेही हेच करीत. १९४० नंतर उकळायची गरज नसलेल्या गोळ्या आल्या, पुढे कागदी पट्ट्या आल्या, पण तपासायची ती लघवीच.

लघवीतली साखर दोन बाबतींत फसवते. मूत्रपिंड रक्तातली साखर परत शोषून घेत असते. ती साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली तरच जादाची लघवीत उतरते. म्हणजे द्रावण निळेच राहिले तर रक्तातली साखर १७० असेल, ९० असेल किंवा ४० असेल. तिन्ही वेळा रंग तोच. धोका जेथे सर्वांत जास्त, तेथेच ही तपासणी आंधळी. दुसरे असे, की मूत्राशयात साठलेली लघवी गेल्या काही तासांची सरासरी सांगते, या क्षणाची स्थिती नाही.

अशा स्थितीत डॉक्टर तरी काय करणार? साखर फार उतरून रोगी बेशुद्ध पडू नये म्हणून ती थोडी चढीच ठेवायची आणि दिवसातून एक मंद इन्शुलिन पुरे म्हणायचे. रोगी हिंडतोफिरतो, नोकरी करतो, ठीक आहे. मात्र पंधरावीस वर्षांनी दृष्टिपटलातल्या केशवाहिन्या फुटू लागत, मूत्रपिंडे निकामी होत, पायांच्या संवेदना जात. ही गुंतागुंत चढ्या साखरेमुळे होते की मधुमेहाबरोबर ती अटळच असते, यावर तज्ज्ञांत कित्येक दशके वाद होता. या वादाचा निकाल लागू शकत नव्हता याचे एक मोठे कारण, आमच्या मते, हेच की साखर दीर्घकाळ नीट आटोक्यात ठेवून दाखवण्याचे साधनच हातात नव्हते. एका टोचणीच्या सोयीने प्रश्न सुटल्यासारखा वाटला आणि मोजमापाची निकड पुढे ढकलली गेली. हॅगडॉर्नची रक्तशर्करा मोजण्याची पद्धत प्रयोगशाळेत राहिली, रोग्याच्या घरी पोचली नाही.

ती घरी पोचण्याची सुरुवात एका इंजिनियरच्या हट्टाने झाली असे म्हणता येईल. १९६० नंतरच्या दशकात रक्ताच्या थेंबाने रंग बदलणारी पट्टी निघाली आणि दशक संपता संपता त्या पट्टीचा रंग मोजणारे यंत्र. यंत्र महाग, जड, आणि फक्त डॉक्टरांना विकले जाई. न्यूयॉर्कमधले रिचर्ड बर्नस्टाइन लहानपणापासून मधुमेही होते आणि गुंतागुंत सुरू झालेली होती. त्यांची पत्नी डॉक्टर असल्याने तिच्या नावावर त्यांनी ते यंत्र मिळवले आणि दिवसातून अनेक वेळा स्वतःचे रक्त तपासायला सुरुवात केली. आकडे दिवसभर वरखाली झोके घेताना दिसले. मग त्यांनी एकाऐवजी दोन टोचण्या केल्या, आहार बदलला, पुन्हा मोजले, पुन्हा बदलले. हा अनुभव लिहून त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठवला, तर तो छापला गेला नाही. तेव्हा त्यांनी पंचेचाळिसाव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि ते डॉक्टर झाले. त्यांच्या आहारविषयक मतांबद्दल मतभेद आहेत. पण रोग्याने स्वतः रक्तातली साखर मोजावी हा त्यांचा आग्रह १९८० च्या सुमारास सर्वमान्य होऊ लागला.

त्याच वेळी दुसरे एक मोजमाप हाती आले. १९६८ साली इराणमधले सॅम्युएल राहबर यांना मधुमेहींच्या हिमोग्लोबिनमध्ये एक वेगळा पट्टा दिसला. ते साखर चिकटलेले हिमोग्लोबिन निघाले. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून अशा हिमोग्लोबिनचे प्रमाण गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते. ‘एचबीए१सी’ ही आज घरोघरी माहीत असलेली तपासणी ती हीच.

ही साधने आल्यावरच जुन्या वादाचा निकाल लावणारी चाचणी शक्य झाली. अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ स्वयंसेवकांवर १९८३ ते १९९३ अशी दहा वर्षे ती चालली. सर्व पहिल्या प्रकारचे मधुमेही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला प्रचलित पद्धतीने दिवसाला एक-दोन टोचण्या. दुसऱ्याला तीन किंवा अधिक टोचण्या किंवा पंप, आणि दिवसातून निदान चार वेळा रक्ततपासणी करून त्याप्रमाणे मात्रा बदलणे. दुसऱ्या गटाची तीन महिन्यांची सरासरी सात टक्क्यांच्या आसपास राहिली, पहिल्याची नऊच्या. सुरुवातीला डोळे निरोगी असलेल्यांमध्ये दृष्टिपटलाच्या विकाराचा धोका दुसऱ्या गटात ७६ टक्क्यांनी कमी झाला. वाद मिटला. मात्र त्याच गटात साखर गंभीर प्रमाणात उतरण्याचे प्रसंग जवळजवळ तिप्पट झाले. हा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. साखर खाली ठेवायची तर खालचा कठडा जवळ येतो, आणि एनपीएचची मध्यरात्रीची भरती त्या कठड्यावरून ढकलते.

पुन्हा आर्जिनिन

त्यामुळे आता हवे होते ते भरती न येणारे, सपाट चालीचे इन्शुलिन. दरम्यान इन्शुलिनच्या रेणूबद्दल बरेच काही कळले होते. सँगर यांनी त्यातल्या ५१ अमिनो आम्लांचा क्रम १९५५ पर्यंत उलगडला होता, डोरोथी हॉजकिन यांनी १९६९ साली त्याची त्रिमितीय रचना दाखवली होती (सहा रेणूंचा गट, मधोमध जस्ताचे अणू), आणि १९७८ साली जीवाणूंकडून मानवी इन्शुलिन करवून घेण्यात यश आले होते. जीवाणूंना हवा तो क्रम ‘शिकवता’ येऊ लागल्यावर इन्शुलिनमध्ये बाहेरून काही मिसळण्याऐवजी रेणूच बदलणे शक्य झाले.

२००० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘ग्लार्जिन’ इन्शुलिनमध्ये तीनच फेरफार आहेत. एका साखळीच्या टोकाला अ‍ॅस्परजिनच्या जागी ग्लायसीन, म्हणजे रेणू आम्लात टिकावा. आणि दुसऱ्या साखळीच्या शेपटाला जादा दोन आर्जिनिन. नावातच ग्लायसीन आणि आर्जिनिन आहेत. या दोन आर्जिनिनमुळे समविद्युत बिंदू ५.४ वरून ६.७ च्या जवळ सरकतो. कुपीत सामू ४, द्रावण नितळ. त्वचेखाली गेल्यावर सूक्ष्म साका, आणि तो जवळजवळ चोवीस तास सावकाश विरघळतो. प्रथिनांशी रोजचा व्यवहार असलेल्या आमच्यासारख्यांना ही गंमत फार आवडते. हॅगडॉर्ननी १९३६ साली ट्राउटच्या शुक्राणूंतले आर्जिनिन बाहेरून आणून जे केले, तेच साठ-पासष्ट वर्षांनी रेणूच्या शेपटाला दोन आर्जिनिन बांधून केले गेले. ग्लार्जिन दुसऱ्या इन्शुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये का घेऊ नये, हेही यावरून कळेल: सामू बदलला की सिरिंजमध्येच साका.

त्यानंतर वेगळ्या युक्त्या आल्या. डेटेमिर इन्शुलिनला चौदा कार्बनचे मेदाम्ल जोडलेले असते. ते रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून राहते आणि हळूहळू सुटते. डेग्लुडेकचे गट त्वचेखाली एकमेकांना जोडून लांब साखळ्या करतात आणि त्यांच्या टोकांकडून एकेक रेणू सुटत जातो. या नव्या इन्शुलिनांनी सरासरी साखर एनपीएचपेक्षा फार खाली नेली असे नाही. रात्री साखर उतरण्याचे प्रसंग कमी केले, हा त्यांचा खरा लाभ. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. पण ज्या घराला ती परवडत नाहीत त्या घरात एनपीएच, वेळेवरचे जेवण आणि नियमित मोजमाप यांवर चांगले आयुष्य काढता येते, हेही सांगायला हवे. महाग इन्शुलिन घेऊन रक्त न तपासणारा रोगी आम्हाला अधिक चिंतेत टाकतो.

आपल्याकडे आणखी एक मोजमाप चुकण्यासारखे आहे. इन्शुलिनच्या कुप्या मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन शक्तीच्या मिळतात आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. ४० च्या सिरिंजमध्ये १० ची खूण म्हणजे पाव मिलिलिटर. तेवढे १०० शक्तीचे इन्शुलिन घेतले तर किती युनिट गेले, हे गणित नववीच्या वर्गात घालायला हरकत नाही. पंचवीस युनिट, म्हणजे अडीचपट. आणि ते मंद इन्शुलिन असेल तर चूक निस्तरायला पूर्ण दिवस जातो.

एक दिवसाचे इन्शुलिन जमल्यावर आठवड्याचे का नको? आयकोडेक नावाचे आठवड्यातून एकदा घ्यायचे इन्शुलिन २०२४ साली युरोपात मान्य झाले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने मात्र त्याच वर्षी पहिल्या प्रकारच्या मधुमेहासाठी त्याच्या विरुद्ध मत दिले. चाचणीत या रोग्यांची साखर उतरण्याचे प्रसंग रोजच्या इन्शुलिनपेक्षा जास्त आढळले होते. एक दिवस आजारी पडून जेवण गेले नाही किंवा डोंगर चढायचा बेत ठरला, तर सोमवारी टोचलेले इन्शुलिन गुरुवारी कमी करता येत नाही. १९३६ सालची अडचण ती हीच. पहाटेच्या जागी आठवडा आला एवढेच.

यावर उपाय दोन दिशांनी शोधला जात आहे. एक म्हणजे मोजमाप इतके सतत करणे की पंपाला दर काही मिनिटांनी साखर कळत राहील आणि तो जलद इन्शुलिनच थेंबाथेंबाने सोडील. अशी यंत्रे वापरात आहेत आणि त्यांत मंद इन्शुलिनची गरजच उरत नाही. दुसरी दिशा रेणूमध्येच मोजमाप बसवण्याची. २०२४ साली ‘नेचर’मध्ये एका अशा इन्शुलिनचे वर्णन आले: रेणूला एका बाजूला ग्लुकोज ओळखणारे वलय आणि दुसऱ्या बाजूला ग्लुकोजसारखाच दिसणारा एक तुकडा जोडलेला आहे. रक्तात साखर कमी असली की तो तुकडा वलयात अडकून इन्शुलिन मिटते. साखर वाढली की खरे ग्लुकोज त्याला हुसकावते आणि इन्शुलिन उघडून काम करू लागते. हे प्रयोग उंदीर आणि डुकरे यांच्यावर केलेले आहेत. त्यांतले संशोधक डेन्मार्कच्या त्याच कंपनीतले आहेत, हॅगडॉर्नच्या आणि पेडरसन बंधूंच्या.